कुंकवाचा शेअर

शेअर घेणारा माणूस म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा कोट घातलेला, फोर्टात मोटारीतून उतरणारा कुणीतरी येतो. येऊ दे बापडा. मी ज्या दोघांच्या संगतीत शेअर शिकले त्यांतल्या एकीच्या हाताला कायम माशांचा वास यायचा आणि दुसऱ्याच्या केसांत कापसाचं तूस असायचं. पहिली माझी आई. लालबागच्या चाळीत पहिल्या मजल्यावरच्या आमच्या एका खोलीत ती गिरणीवाल्यांची खाणावळ चालवायची. दुसरा तिचा धाकटा भाऊ, माझा मामा, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर. तिसरी मी, मॅट्रिक झालेली, फोर्टातल्या एका ऑफिसात टायपिस्ट, आणि घरात इंग्रजी पेपर वाचणारी एकटीच असल्यामुळे स्वतःला फार शहाणी समजणारी.

वडील गिरणीतच होते, रंगखात्यात. ते गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे हातात आले तेव्हा चाळीतल्या सगळ्या बायकांनी आईला पाटल्या करायला सांगितलं. आईने पाटल्या केल्या नाहीत. विधवेच्या हातात पाटल्या बघून ह्याच बायका उद्या नाकं मुरडणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने मामाला विचारलं, मामाने तिला शेअर सांगितले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात शेअर शिरले.

पण तिला श्रीमंत वगैरे व्हायचं नव्हतं. तिला गाळा हवा होता. आमच्या चाळीखाली रस्त्याच्या तोंडाला एक कोळशाची वखार होती. वखारवाला म्हातारा झालेला, आज ना उद्या पागडी घेऊन गाळा सोडणार हे सगळ्यांना माहीत. त्या गाळ्यात स्वतःचा नळ होता. नळ म्हणजे काय, हे रोज पन्नासेक गड्यांच्या जेवणाचं पाणी कळशीने जिना चढून आणणाऱ्या बाईला विचारावं. आमच्या खोलीत दोन पाळ्यांच्या पंगती उठायच्या आणि त्याच तेलाने सारवल्यासारख्या ओशट झालेल्या लादीवर रात्री आम्ही अंथरुणं घालायचो. माझ्या उशीलासुद्धा फोडणीचा वास यायचा. आई जिन्यात मध्येच थांबून गुडघा चोळायची आणि खालच्या वखारीकडे बघायची. तिचे शेअर म्हणजे तो गाळा, एवढाच हिशेब.

रविवारी दुपारची पंगत उठली की आमची बैठक. मामा गुंडाळलेल्या वळकटीवर डोकं टेकून आडवा, आई सुपात तांदूळ घेऊन निवडत, आणि मी पेपरातले भाव वाचत. मग आपण काय घेतलं, का घेतलं, दुसऱ्याने घेतलं ते कसं चुकीचं आहे, यावर अशी जुंपायची की शेजारीण दारात येऊन विचारायची, काय झालं म्हणून. काही झालेलं नसायचं. सिमेंटचा भाव पडलेला असायचा.

मामाचं तत्त्व एकच: आपल्या गिरणीचा शेअर, दुसरा घ्यायचा नाही. ज्या साच्यावर मी उभा राहतो तो मला कळतो, सूत कुठलं येतंय, माल कुठे जातोय ते कळतं, बाकी सगळ्या ऐकीव गप्पा, असं तो म्हणायचा. पण हाच मामा बोनससाठी संपात पुढे. शेटच्या नावाने शंख करून घरी यायचा आणि रविवारी आपल्या गिरणीचा भाव विचारायचा. मी त्याला चिडवायचे, की मामा, तू गेटवर घोषणा देतोस त्या स्वतःच्याच विरुद्ध. तो हसायचा. म्हणायचा, संप जिंकला तर बोनस, हरला तर डिव्हिडंड, भाची, मला दोन्हीकडून जेवण आहे.

माझं तत्त्व थोडं इथे, थोडं तिथे. पगारातून साठवून मी एक सिमेंटचा घेतला होता, एक वनस्पती तुपाचा, एक गिरणीचा. आई स्वतः तांदूळ तीन डब्यांत ठेवायची, एकात पोरकिडे झाले तर दोन वाचावेत म्हणून. मी तेच तर करत होते. पण तिला ते पटेना. वनस्पती तुपाचा शेअर घेतला तेव्हा तर तिने मला आठवडाभर सुखाने जेवू दिलं नाही. जे तूप मी माझ्या फोडणीत घालत नाही, त्याची माझी लेक मालकीण, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली.

आणि आईचं तत्त्व ताटात. तिच्याकडे चार-पाच गिरण्यांचे गडी जेवायला. कुठल्या गिरणीचा गडी माशाची दुसरी तुकडी मागतो, कुठल्या गिरणीचा नुसत्या सोलकढीवर भात ओढतो, यावरून ती गिरणीची तब्येत ओळखायची. ऐकायला फार छान वाटतं. मलाही वाटलं होतं. एकदा एका गिरणीचे गडी तीन रविवार लागोपाठ तुटून पडले, कोंबडीसुद्धा मागितली, आणि आईने भराभर त्या गिरणीचे थोडे शेअर घेतले. चौथ्या रविवारी गडी गायब. त्या गिरणीने एक पाळी बंद केली होती, गड्यांना हिशेब देऊन मोकळं केलं होतं, आणि बिचारे गावाला जायच्या आधी जिवाची मुंबई करून घेत होते. मामा इतका हसला की त्याला ठसका लागला. आईने त्याच्या ताटातला तळलेला बांगडा उचलून परत तव्यात ठेवला.

तरी तिचा मुख्य शेअर चांगला होता. वडिलांच्या फंडाचे जवळजवळ सगळे पैसे तिने एका जुन्या, भरवशाच्या गिरणीत घातले होते, आणि ते सर्टिफिकेट तिच्या नावाचं होतं. जाड कागद, कडेला वेलबुट्टी, खाली मोठ्या लोकांच्या सह्या आणि कंपनीचा शिक्का. आईला वाचता यायचं ते पोथीपुरतं. पण त्या कागदावर आपलं नाव कुठे आहे ते तिला बोटाने दाखवता यायचं.

पंचावन्न सालच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पाटावर काय ठेवायचं, असा प्रश्न आला. दागिना एकही नव्हता. मामा म्हणाला, सर्टिफिकेट ठेव, तीच आपली लक्ष्मी. दरवर्षी पूजा मामी करायची. वडील गेल्यापासून आईने कुंकवाच्या करंड्याला हात लावला नव्हता, हळदीकुंकवाच्या दिवशी ती चुलीपाशी काहीतरी काम काढून बसायची. मामीने करंडा उघडला आणि मामाने तिचा हात अडवला.

"बाय, मालकीण तू. मालकिणीनंच लावायचं."

आई पुढे सरकली. पणत्यांत तेल घालून तिची बोटं ओशट झाली होती, ती तिने पदराला नीट पुसलीही नाहीत. भरपूर कुंकू घेतलं आणि त्या कागदावर ठसठशीत स्वस्तिक काढलं, मग त्याच्या बाजूला हळदीचं बोट, मग पुन्हा कुंकू. इतक्या दिवसांचं एकदम लावत होती. मी निरांजन धरून उभी होते, मामा हात जोडून. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की हा कागद उद्या बाजारात न्यावा लागेल. आम्ही त्याला नमस्कार केला, लाह्या-बत्तासे वाटले आणि कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला.

त्यानंतर मुंबई पेटली. संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे, हरताळ, लाठ्या, अश्रुधूर आणि गोळीबार. आमच्या गिरणगावातली माणसं गेली. गिरण्या बंद असल्या की आईची चूलही अर्धी. मामा सत्याग्रहात गेला, तुरुंगात राहून आला, आला तो गालफडं बसलेला आणि आवाज दुप्पट. मी दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून निघून सभांना जायचे. मुंबईसकट महाराष्ट्र झालाच पाहिजे, यावर आमच्या खोलीत कुणाचं दुमत नव्हतं. चूल पेटवतानासुद्धा आई तेच म्हणायची.

पण फोर्टात वेगळंच ऐकू यायचं. मुंबई महाराष्ट्रात गेली की भांडवल पळणार, शेट गिरण्या उचलून दुसरीकडे नेणार, सगळं बसणार. माझ्या ऑफिसातले साहेब तेच बोलायचे, ट्राममध्ये शेजारी बसलेला माणूस तेच बोलायचा, आणि आईच्या शेअरचा भाव तेच बोलत होता. तो उतरायला लागला. नेमकं त्याच वेळी वखारवाल्याने निरोप धाडला: गाळा सोडतोय, घ्यायचा असेल तर सांगा. अजून विकले तर पागडीपुरते पैसे होत होते. आणखी उतरला असता तर झाले नसते.

मी म्हटलं, ताबडतोब विका. मामा वळकटीवरून उठून बसला.

"सकाळी मुंबई आमची म्हणून ओरडायचं आणि दुपारी मुंबई बुडणार म्हणून शेअर विकायचे? माझ्याच्यानं नाही होणार."

मी त्याला म्हटलं, तुझे तू नको विकूस, उरावर घेऊन बस. देश वेगळा आणि बाजार वेगळा. तो म्हणाला, मग तू सभेला येतेस ती काय हवा खायला? असं बरंच झालं. माझ्या तोंडाला त्या दिवशी लगाम नव्हता, त्याच्याही नव्हता. आई तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि मामाला एवढंच सांगितलं:

"तुका एक पोट आसा. माका पंगत आसा."

ठरलं. विकायचं.

दुसऱ्या दिवशी मी सर्टिफिकेट घेऊन दलालाच्या पेढीवर गेले. ट्रंकेतून काढताना उलगडून बघितलंही नव्हतं. पेढीवरच्या माणसाने घडी उघडली आणि त्याचे डोळे पांढरे झाले. तेल कागदात मुरलं होतं, कुंकू पसरत पसरत नंबरावर, सह्यांवर आणि शिक्क्यावर गेलं होतं, आणि लाल जाऊन तपकिरी झालं होतं. हे बाजारात कुणी घेणार नाही, तो म्हणाला. कंपनीकडे जा, हा परत द्या, नवीन करून आणा, मग या. किती वेळ लागेल, मी विचारलं. त्याने खांदे उडवले.

मी घरी कशी आले मला आठवत नाही, डोकं तापलेलं होतं हे आठवतं. आई कोलंबी सोलत होती. मी तो कागद तिच्यापुढे धरला आणि चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले, की एवढं फासायला कुणी सांगितलं होतं, देवाला काय तो नंबर वाचून दाखवायचा होता? मामा कोपऱ्यात हसायला लागला. मी त्याला पेपर फेकून मारला. आता कुणी म्हणेल, आईवर ओरडायला नको होतं. का नको? गाळा चालला होता हातचा. आई ओरडली नाही, रडली नाही. कोलंबी सोलता सोलता म्हणाली की तुम्ही दोघं काय तेव्हा डोळे मिटून उभे होतात? त्या रात्री मी जेवले नाही.

कंपनीच्या ऑफिसात मी आईला घेऊन गेले. तिथला कारकून चष्मेवाला, मध्यम वयाचा, गिरगावातला होता. त्याने कागद उलगडला, त्या तपकिरी डागाकडे बघितलं, मग आईच्या कपाळाकडे. हातातलं पेन खाली ठेवून तो उभाच राहिला. अगदी हळू आवाजात मला विचारलं, "वडील गोळीबारात गेले का?"

क्षणभर मला कळेना हा काय बोलतोय. मग कळलं, तो डाग त्याला रक्ताचा वाटला होता. नाही हो, मी म्हटलं, ते आधीच गेले, आजाराने. हे कुंकू आहे, दिवाळीतलं. तो खाली बसला. मग त्याने चहा मागवला. त्यांच्या वाडीतला एक पोरगा गेला होता, म्हणाला, त्याची वही अशीच आणून दिली होती घरी. आई त्याच्याशी बोलत बसली, त्या पोराच्या आईची चौकशी केली, कुठली, कोण, सांभाळायला कुणी आहे का. आम्ही आलो होतो शेअरसाठी. पण त्या चहानंतर माझा राग उतरला तो उतरलाच, खोटं कशाला सांगू.

अर्ज, साक्षीदार, मॅजिस्ट्रेटपुढे सही, मग संचालकांची बैठक, मग पुढची बैठक. महिने गेले. भाव आणखी उतरला. आणि मग एक गोष्ट घडली जी माझ्या इंग्रजी पेपरात कुठे लिहिलेली नव्हती. वखारवाल्याला गिऱ्हाईक मिळेना. मुंबई कुणाची होणार ते कळल्याशिवाय पागडी कोण देणार, असं जो तो म्हणे. ज्या भीतीने आमचा शेअर खाली आला, त्याच भीतीने आमचा गाळा रिकामा राहिला होता. वखारवाला वैतागून आईच्या हातचं जेवायला रोज वर यायला लागला आणि जाताना म्हणायचा, बाई, तुमचंच काय ते बघा.

द्विभाषिक राज्य झालं, म्हणजे धड हे नाही, धड ते नाही. त्याच सुमाराला नवीन सर्टिफिकेट हातात आलं. कोरं करकरीत. मी लगेच टोपी फिरवली, मामाच्या बाजूला गेले, आता थांबू या म्हणाले. मामा, ज्याने इतके दिवस विकू नका म्हणून रान उठवलं होतं, तो म्हणाला, विकून टाक बाय, कमी पडतील ते मी उसने आणतो, गाळा महत्त्वाचा. आमचं नेहमीसारखं जुंपलं. आईने दोघांना गप्प बसवलं. पहिल्या वेळी कागदाने विकू दिला नाही, म्हणाली, आता कागद साफ आहे, आता मी ठरवते. आणि तिने थांबायचं ठरवलं. कारण विचारलं तर तिने पंगतीकडे हात केला. ह्यांच्यातला एकसुद्धा मुंबई सोडून जायच्या गोष्टी करत नाही, म्हणाली, हे नाही गेले तर गिरण्या कशा जातील? एकदा ताटं बघून ती कशी तोंडघशी पडली होती याची मी तिला आठवण करून दिली. ती म्हणाली, तेव्हा मी फक्त ताट बघितलं, तोंड नाही बघितलं.

थांबणं सोपं नव्हतं. भाव मध्ये असा घसरला की मी पेपर वाचून दाखवायचा बंद केला. आई तेव्हाही कळशीने पाणी चढवत होती, गुडघा सुजलेला. मीच कितीदा तरी तिच्या हातून कळशी घेताना म्हटलं असेल, विकून टाक आता. ती म्हणायची, थोडा दम धर. मग हळूहळू वारं फिरलं. एकही धुराडं कुणी उचलून नेलं नाही. राज्य होणार, मुंबईसकट होणार, अशी चिन्हं दिसायला लागली तसा भाव चढायला लागला, आणि राज्य व्हायच्या सुमाराला तर आईने घेतला होता त्याच्याही वर गेला. तिने विकले. सगळे नाही, थोडे ठेवले, मामाने विचारलं का, तर म्हणाली, रविवारी दुपारी मी काय नुसतं तुमचं भांडण ऐकू? वखारवाल्याने बाहेरच्या कुणाला सांगायच्या आत तिच्याशी बोली केली, आणि पागडी जुनीच घेतली. कोळसा खरवडून, चुना मारून, गाळा पांढरा करायला मामाने आपल्या खात्यातले गडी आणले. नळ सोडला तेव्हा आधी काळं पाणी आलं, मग स्वच्छ. आई हात धरून उभी राहिली त्याखाली, बराच वेळ. मीही उभी राहिले.

त्या वर्षीचं लक्ष्मीपूजन गाळ्यात. फटाके वाजत होते, पंगत बसली होती, गडी गावाला न गेलेले, नवे सदरे घातलेले. पाटावर राहिलेल्या शेअरांचं सर्टिफिकेट. मामीने करंडा उघडून आईपुढे सरकवला आणि मला धडकीच भरली. मी म्हटलं, आई, बघ हां.

"कागदाक नाय गे," ती म्हणाली.

तिने चुलीला लावलं, मोठ्या टोपाला लावलं, नळाला लावलं, उंबऱ्याला लावलं. परत आली तेव्हा बोटाला अजून कुंकू होतं. मला वाटलं पदराला पुसेल. ती तशीच उभी राहिली, त्या बोटाकडे बघत. मग तिने ते बोट आपल्या कपाळाला लावलं. अगदी सरळ, मधोमध, आरसा नसताना.

मामी दचकली. मामा जागचा हलला नाही. आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "मालकिणीनच लावचा, असा तूच म्हणालंस ना?"

मामाने मान हलवली. पंगतीतले गडी बघत होते, गावचेच सगळे, रीतभात कडक पाळणारे, आणि मी मनात म्हटलं, आता कुणी एक शब्द काढू दे, ह्या पळीने टाळकं फोडते. कुणी काढला नाही. त्यांच्यातला सगळ्यांत म्हातारा गडी खाकरला आणि म्हणाला, बाय, भात वाढ. आईने भाताची परात उचलली आणि वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर तिने ते परत लावलं.